पेंग्विनच्या बेटावर जाण्याआधी

दक्षिण अटलांटिक महासागरात, फॉकलंड बेटांपासून पूर्व-आग्नेयेला साधारण १,४०० किलोमीटरवर दक्षिण जॉर्जिया हे बेट आहे. लांबी सुमारे १७० किलोमीटर, अर्ध्याहून अधिक भाग बारमाही बर्फाखाली. विमान उतरायला धावपट्टी नाही, मुक्कामाला हॉटेल नाही आणि कायमची वस्तीही नाही. किंग एडवर्ड पॉइंटला मोजके सरकारी अधिकारी आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेचे शास्त्रज्ञ पाळीपाळीने राहतात, तेवढीच माणसांची जाग. पेंग्विन मात्र अफाट आहेत. सेंट अँड्र्यूज बे या एकाच किनाऱ्यावर किंग पेंग्विनच्या सुमारे दीड लाख जोड्या आहेत.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या पर्यटन कंपन्यांच्या जाहिरातींतही अंटार्क्टिकाच्या सफरी दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या लांब पल्ल्याच्या सफरी बहुधा फॉकलंड, दक्षिण जॉर्जिया आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प असा फेरा घेतात. पेंग्विन म्हटल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना भायखळ्याची राणीची बाग आठवते. तिथले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे आणि ते काचेच्या पलीकडे असतात. दक्षिण जॉर्जियात मधे काच नसते. तिचं काम तिथे नियम करतात, आणि ते पाळणं बरंचसं तुमच्यावर सोपवलेलं असतं. जायचा विचार असेल, तर पुढच्या गोष्टी तिकीट काढण्याआधीच माहीत असायला हव्यात.

नियम इतके कडक का?

कॅप्टन जेम्स कुक १७७५च्या जानेवारीत या बेटावर उतरला. इथे सील विपुल आहेत हे त्याच्या वृत्तान्तातून युरोपला कळलं आणि शिकारी जहाजं येऊ लागली. कातडीसाठी फर सीलची इतकी कत्तल झाली, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते जवळपास दिसेनासे झाले. १९०४ साली कार्ल आंतोन लार्सन या नॉर्वेजियन दर्यावर्दीने ग्रिटविकेनला देवमाशांची शिकार आणि तेल काढण्याचं केंद्र उभारलं. पुढच्या सहा दशकांत या बेटावरच्या केंद्रांमध्ये सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले.

जहाजांबरोबर उंदीरही उतरले. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं त्यांनी फस्त केली. या बेटाखेरीज जगात कुठेही न आढळणारा दक्षिण जॉर्जिया पिपिट हा चिमुकला गाणारा पक्षी उंदीर न पोचलेल्या बेटुकल्यांवर आणि मोजक्या किनाऱ्यांवरच उरला. शिकारी लोकांनी मांसासाठी नॉर्वेहून रेनडिअर आणले. त्यांनी गवत चरून उतार उघडे पाडले.

हे निस्तरायला एकविसावं शतक उजाडलं. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टने २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून उंदरांचा नायनाट केला. त्यानंतर कसून तपासणी झाली आणि २०१८ साली बेट उंदीरमुक्त असल्याचं जाहीर झालं. रेनडिअरही हटवले गेले. पिपिट पुन्हा मुख्य बेटावर घरटी करू लागला, फर सील लाखोंच्या संख्येने परतले, किनाऱ्याजवळ हम्पबॅक देवमासे पुन्हा दिसू लागले.

माणसाने बिघडवलेली आणि मग माणसानेच मोठ्या खर्चाने सावरलेली ही जागा आहे. जहाजातून निसटलेली एक गाभण उंदरीण, मोज्यात अडकलेलं एक बी किंवा बुटाच्या तळाला चिकटलेली विष्ठा ही सगळी मेहनत वाया घालवू शकते. म्हणून इथली जबाबदारी किनाऱ्यावर पाऊल टाकण्याच्या खूप आधी सुरू होते.

जहाज निवडताना काय विचारायचं?

दक्षिण जॉर्जिया ५४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. अंटार्क्टिक करार ६० अंशांच्या दक्षिणेला लागू होतो, त्यामुळे हे बेट त्याच्या कक्षेबाहेर राहतं. इथे बेटाच्या स्वतःच्या प्रशासनाचे कायदे चालतात आणि प्रत्येक जहाजाला आधी परवाना घ्यावा लागतो. तो जहाज कंपनी काढते, प्रवाशाला वेगळा अर्ज करावा लागत नाही. पुढे अंटार्क्टिकालाही जाणार असाल, तर तिथल्या परवानगीबद्दल वेगळं विचारा. भारताने २०२२ साली स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला. आपल्या ध्रुवीय मोहिमांचं काम गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहतं. परदेशी जहाजाने जाणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत मात्र त्या कंपनीला करारातल्या एखाद्या सदस्य देशाची परवानगी आहे ना, हा प्रश्न कामाचा.

पैसे भरण्याआधी कंपनीकडून या गोष्टींची उत्तरं घ्या.

• कंपनी आयाटोची, म्हणजे अंटार्क्टिक सहली नेणाऱ्या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, सदस्य आहे का? ही संघटना १९९१ साली स्थापन झाली. वन्यजीवांपासून अंतर, स्वच्छता आणि एका ठिकाणी उतरण्याची वेळ यांचे नियम तिचे सदस्य पाळतात.

• जहाजावर प्रवासी किती? अंटार्क्टिकात पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला कुणालाही किनाऱ्यावर उतरवता येत नाही, आणि एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त लोक नसावेत असा दंडक आहे. दक्षिण जॉर्जियातही गर्दीवर अशीच मर्यादा आहे. प्रवासी शंभराच्या आसपास असतील, तर सगळ्यांना पुरेसा वेळ मिळतो आणि कुणाला घाई करावी लागत नाही. घाईत अंतर पाळलं जात नाही.

• दर वीस प्रवाशांमागे किमान एक मार्गदर्शक आहे का? त्यांच्यात पक्षी आणि सील यांचे जाणकार किती?

• दक्षिण जॉर्जियासाठी किती दिवस राखले आहेत? दोन दिवसांत बेट 'उरकणाऱ्या' सफरीपेक्षा चार-पाच दिवस देणारी सफर बरी. हवामानाने एक दिवस गिळला, तरी नियम वाकवण्याचा मोह कुणाला होत नाही.

• आजारी पडल्यास बाहेर काढण्याची सोय काय? बेटावर रुग्णालय नाही, विमान येऊ शकत नाही. जहाजावरचा डॉक्टर हाच आधार आणि फॉकलंड गाठायला समुद्रातून दोन-तीन दिवस. दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा नसेल, तर निघूच नका. मधुमेह, रक्तदाब यांची औषधं पूर्ण प्रवास आणि वर आणखी काही आठवडे पुरतील एवढी घ्या.

• शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल, तर ते आरक्षण करतानाच लेखी कळवा. फॉकलंड सोडल्यावर वाटेत बाजार नाही.

कोणत्या महिन्यात?

पर्यटनाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यांवर एलिफंट सीलच्या नरांच्या झुंजी सुरू असतात आणि बर्फही खाली उतरलेला असतो. डिसेंबरमध्ये फर सीलचे नर आपापली हद्द धरून बसतात. तेव्हा काही किनाऱ्यांवर पाय ठेवायलाही जागा नसते, आणि ज्यांना निवांत फिरायचं आहे त्यांनी तो महिना टाळावा. जानेवारीच्या मध्यापासून नर पांगतात, पिल्लं खेळू लागतात. मार्चकडे देवमासे दिसण्याची शक्यता वाढते. किंग पेंग्विनसाठी महिना बघायची गरज नाही. एक पिल्लू वाढवायला त्यांना वर्षाहून जास्त काळ लागतो, त्यामुळे वसाहतीत कोणत्याही महिन्यात कुणी ना कुणी अंडं किंवा पिल्लू सांभाळत असतंच.

घरी बॅग भरताना

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना कुसळ माहीत असतं. पावसाळ्यानंतर गडावरून उतरलं, की मोज्यांत, नाडीत, बॅगेच्या पट्ट्यांत ते रुतून बसलेलं असतं. तीच बॅग आणि तेच जॅकेट घेऊन तुम्ही दक्षिण गोलार्धात गेलात, तर ते बीही जातं. सगळीच बियाणी थंडीत मरत नाहीत. जगभर रस्त्याकडेला उगवणारं पोआ अॅन्युआ हे साधं गवत माणसाबरोबर अंटार्क्टिकापर्यंत पोचून तिथे रुजलं आहे.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी एक संध्याकाळ सफाईसाठी ठेवा. जॅकेट, विजार, टोपी, हातमोजे धुऊन घ्या. सगळे खिसे उलटे करा. बडीशेप, तीळ, जिरं, सुपारीचा चुरा, शेंगदाण्याची सालं असं काही ना काही आपल्या खिशांच्या शिवणीत हमखास सापडतं. वेल्क्रोच्या पट्ट्यांत अडकलेले धागे आणि बिया चिमट्याने एकेक काढाव्या लागतात. बॅग व्हॅक्यूम क्लीनरने आतून साफ करा, कॅमेऱ्याची बॅगही सोडू नका. चालण्याच्या काठीचं टोक आणि ट्रायपॉडचे पाय घासून धुवा. मोजे शक्यतो नवे घ्या. गमबूट बहुतेक जहाजांवर मिळतात. तुमचे ट्रेकिंगचे बूट घरी राहिले, तर एक धोका कमी झाला.

जहाजावर मार्गदर्शक प्रत्येकाची कपड्यालत्त्यासह तपासणी करतात. किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी आणि परतल्यावर बूट घासून जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचे असतात. बेटाचे सरकारी अधिकारीही प्रवाशांचे बूट आणि कपडे तपासतात आणि फार घाण आढळली तर उतरण्याची परवानगी नाकारू शकतात. तपासनीस तुमच्या बुटाच्या खाचेतून काडीने माती कोरून काढू लागला, तर त्यात अपमान वाटून घेऊ नका.

रात्री केबिनचे पडदे ओढून घ्या. पेट्रेलसारखे समुद्रपक्षी दिव्यांकडे खेचले जाऊन जहाजावर आपटतात, म्हणून बेटाजवळ जहाजाचे बाहेरचे दिवे कमीत कमी ठेवतात. सकाळी डेकवर पक्षी पडलेला दिसला, तर हात न लावता कर्मचाऱ्यांना सांगा.

बर्ड फ्लूनंतर बदललेले नियम

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू दक्षिण जॉर्जियात पोचल्याचं निष्पन्न झालं. आधी स्कुआ पक्षी दगावले, मग एलिफंट सील मोठ्या संख्येने मेले, आणि पुढे काही पेंग्विनमध्येही तो आढळला. विषाणू तिथे बहुधा उडत्या पक्ष्यांनीच आणला. पण एका वसाहतीतून दुसरीकडे तो माणसाच्या बुटांनी जाऊ नये, यासाठी नियम कडक केले गेले.

त्यातला मुख्य नियम एका वाक्यात सांगता येतो: जमिनीला फक्त बूट लागले पाहिजेत. बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवं व्हायचं नाही, बॅग खाली ठेवायची नाही. छायाचित्रकारांना हे जड जातं, कारण पेंग्विनच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेला फोटो सुंदर येतो. त्यासाठी स्क्रीन फिरवता येणारा कॅमेरा घ्या, तो कमरेजवळ धरून वरून पाहता येतं. पेंग्विन किंवा सील लटपटताना, थरथरताना किंवा मान वेडीवाकडी करताना दिसला, तर जवळ जाऊ नका आणि मार्गदर्शकाला लगेच सांगा. एखादा किनारा बंद असेल किंवा ऐनवेळी बंद झाला, तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

किनाऱ्यावर उतरल्यावर

जहाजातून किनाऱ्यावर रबरी मोटरबोटीने नेतात. चढता-उतरताना पंजात पंजा न देता एकमेकांचं मनगट घट्ट धरायचं असतं. ओल्या हाताने पंजा सुटतो, मनगटाची पकड टिकते. बऱ्याचदा गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. उतरण्याआधी जहाजावरचं स्वच्छतागृह वापरून घ्या. बेटावर तशी सोय नाही आणि उघड्यावर जाण्याची मुभाही नाही. पाण्याच्या बाटलीखेरीज खाण्याचं काहीही सोबत नको, चकलीचा तुकडाही नको.

पेंग्विनपासून किमान पाच मीटर अंतर ठेवायचं असतं. मार्गदर्शकाने जास्त सांगितलं, तर त्याचा आकडा खरा. पेंग्विनला हा नियम माहीत नसतो आणि तो चालत तुमच्या बुटापर्यंत येऊ शकतो. अशा वेळी स्थिर उभे राहा, हात पुढे करू नका, तो जाईपर्यंत थांबा. समुद्र आणि वसाहत यांच्या मधे कधीही उभं राहू नका. पिल्लासाठी पोटात मासे भरून आलेला पेंग्विन तुम्हाला वळसा घालायला कचरतो आणि पाण्याच्या कडेलाच ताटकळतो.

अंतराचं कारण समजलं, की ते पाळणं सोपं जातं. किंग पेंग्विन घरटं करत नाहीत. एकच अंडं पायांवर घेऊन, पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकून सुमारे चोपन्न दिवस उबवतात आणि नर-मादी ही पाळी वाटून घेतात. माणसाला बिचकून तो पक्षी हलला, की अंडं घरंगळतं आणि टपून बसलेला स्कुआ ते उचलतो. वसाहतीच्या कडेला काही पेंग्विन विस्कटलेल्या पिसांत मरगळून उभे दिसतील. ते आजारीच असतील असं नाही. पिसं गळून नवी येईपर्यंत त्यांना पाण्यात शिरता येत नाही, तीन-चार आठवडे उपाशी राहावं लागतं. तुमच्यामुळे त्यांना दहा पावलं पळावं लागलं, तरी साठवलेल्या चरबीतला वाटा खर्च होतो. शिवाय पेंग्विन वरून शांत दिसला, तरी तो निर्धास्त असतोच असं नाही. माणूस जवळ आल्यावर काही जातींमध्ये हृदयाचे ठोके वाढतात, असं संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. मान ताणून तो तुमच्याकडे रोखून पाहू लागला, चालता चालता थबकला किंवा पंख फडकवू लागला, तर मागे सरा.

इथे पेंग्विनपेक्षा फर सीलपासून जपून राहावं लागतं. त्याच्यापासून निदान पंधरा मीटर दूर राहा. तो माणसापेक्षा वेगाने धावू शकतो आणि चावला तर जखम चिघळते. तो अंगावर आला, तर पाठ दाखवून पळू नका. उभे राहा, हात पसरून मोठे दिसा, टाळ्या वाजवा आणि हळूहळू मागे या. उंच टसॅक गवतात मार्गदर्शकाच्या मागूनच चाला, कारण झुडपाआड पिल्लू किंवा चिडलेला नर असू शकतो. वाँडरिंग अल्बट्रॉस या प्रचंड पंखांच्या पक्ष्याची घरटी असलेल्या प्रायन बेटावर लाकडी पायवाट आहे, ती सोडायची नाही. फर सीलच्या विणीच्या काळात, नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत, ते बेट बंद असतं.

आवाज बेताचा ठेवा. गटाने गेलेल्या मराठी मंडळींना झेंडा धरून घोषणा देण्याची हौस असते. ती जहाजाच्या डेकवर भागवा. समुद्राला नारळ, फुलं, हळदकुंकू वाहू नका. ड्रोन नको, फ्लॅश नको. दगड, पीस, हाड, अंड्याचं कवच यातलं काहीही उचलू नका. मायदेशी विमानतळावर त्याचा जाबही द्यावा लागू शकतो.

लीथ, स्ट्रॉमनेस आणि हुसविक इथल्या पडक्या कारखान्यांत अॅस्बेस्टॉस आहे आणि पत्रे वाऱ्याने उडतात, म्हणून त्यांच्यापासून दोनशे मीटर दूर राहण्याचा नियम आहे. ग्रिटविकेन मात्र साफ केलेलं आहे. तिथलं संग्रहालय, १९१३चं लाकडी चर्च आणि १९२२च्या जानेवारीत इथेच मृत्यू पावलेला साहसी प्रवासी अर्नेस्ट शॅकलटन याची कबर पाहता येते. तिथल्या टपाल कार्यालयातून पत्र टाका आणि संग्रहालयाच्या दुकानात खरेदी करा. पैसे खर्चण्याची ही योग्य जागा.

मुळात जावं का?

हा प्रश्न टाळू नये. अंटार्क्टिकाला एका हंगामात जाणाऱ्यांची संख्या २०२२-२३मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. मुंबईहून दक्षिण अमेरिकेपर्यंतचं विमान आणि पुढे दोन-तीन आठवड्यांचं जहाज यांतून होणारं कार्बन उत्सर्जन एरवीच्या परदेशवारीच्या कित्येक पट असतं. ज्या समुद्रावर हे पेंग्विन पोट भरतात, तोच तापतो आहे. झाडं लावण्याचं प्रमाणपत्र विकत घेऊन हा हिशेब पूर्ण मिटत नाही. त्यामुळे केवळ यादीतला सातवा खंड पुरा करायचा असेल, तर न जाणं हाच जबाबदार निर्णय ठरेल. जायचंच असेल, तर आयुष्यात एकदा, पुरेसे दिवस राखून आणि अभ्यास करून जा.

परतल्यावरही थोडं काम उरतं. देवमाशांच्या शेपटीचे फोटो हॅपीव्हेल या संकेतस्थळावर द्या, शेपटीवरच्या खुणांवरून संशोधक एकेक देवमासा ओळखतात. पेंग्विनचा जवळून घेतल्यासारखा फोटो समाजमाध्यमांवर टाकताना तो लांबच्या लेन्सने काढल्याचं लिहा. नाहीतर तो पाहून पुढचा पर्यटक पाच मीटरचे दोन मीटर करतो.

आणि निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एका शक्यतेचा विचार करा. डोंगरावरून अचानक वारा कोसळला, लाटा वाढल्या किंवा बर्ड फ्लूमुळे किनारा बंद झाला, तर लाखो रुपये भरूनही सेंट अँड्र्यूज बे तुम्हाला जहाजाच्या कठड्यावरून, दुर्बिणीतूनच पाहावा लागेल. कप्तानाचा तो निर्णय कुरकुर न करता मान्य करायची तयारी असेल, तरच आरक्षणाची रक्कम भरा.